पत्त्यावर चित्र कोणाचे? सम्राटाचे की बंडखोराचे?

एका मित्राने आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला चिनी पत्त्यांचा देखणा कॅट भेट दिला. पानापानावर सम्राट, त्याचा रेशमी झगा, त्याच्या राजवटीची वर्षे. मुले खूश झाली. आम्हाला मात्र प्रश्न पडला, चीनचा इतिहास म्हणजे गादीवर बसलेल्यांची यादी आहे काय?

खुद्द चीनमधल्या जुन्या पत्त्यांचे उत्तर वेगळे आहे. 15 व्या शतकात लू रोंग या मिंग अधिकाऱ्याने कुनशान गावातल्या पत्त्यांचे वर्णन लिहून ठेवले. एकूण 38 पाने. किंमत नाण्यांत आणि नाण्यांच्या माळांत. मोठ्या किमतीच्या पानांवर माणसांची चित्रे, आणि ही माणसे म्हणजे राजसत्तेने दरोडेखोर ठरवलेले बंडखोर! दहा कोटी माळांचे सर्वोच्च पान सोंग जिआंगचे. एक कोटीचे वू सोंगचे. दहा लाख आणि नऊ लाखांची पाने रुआन भावांची, म्हणजे दोन कोळ्यांची. हा खेळ प्रतिष्ठितांपासून नोकरांपर्यंत सगळे खेळत. लू रोंगने याचा अर्थ आपल्या वर्गाच्या चष्म्यातून लावला: जुगारी लुटारूच असतात, म्हणून पत्त्यांवर लुटारू. पण ज्याला दरबारात उभे राहायची परवानगी नाही, तो कोळी पत्त्यावर दहा लाखांचा का होतो, हे त्याला विचारावेसे वाटले नाही.

पुढे याच बंडखोरांची कथा, 'शुइहू झुआन', चीनभर गाजली. चित्रकार चेन होंगशोउने तिच्यातल्या 40 व्यक्तिरेखांची पाने काढली, तीही एका गरीब मित्राच्या कुटुंबाला हातभार लागावा म्हणून. 1642 साली दरबाराने त्या कादंबरीवर बंदी घातली. दोनच वर्षांनी, 1644 मध्ये, टपालचौकीवर नोकरी केलेला ली झिचेंग बंडखोरांची फौज घेऊन बीजिंगमध्ये शिरला आणि मिंग सम्राटाने गळफास घेतला. पुस्तकावर बंदी घालून भूक थांबत नाही.

तरीही आपण भाबडे होऊ नये. कादंबरीतला सोंग जिआंग शेवटी सम्राटाची माफी स्वीकारतो, आणि सम्राट त्याला फांग ला या दुसऱ्या बंडखोरावर सोडतो. बंडखोराला दरबारात जागा देऊन त्याच्याच हातून दुसरे बंड मोडायचे, हा डाव आपल्या ओळखीचा आहे. पत्त्यावर चित्र आले म्हणजे मुक्ती मिळाली असे नव्हे.

आणि सम्राटांची पाने काय लपवतात? तांग सम्राट वूझोंगच्या राजवटीत, 845 च्या मोहिमेत, सरकारी आकड्यांनुसार 4,600 हून अधिक बौद्ध विहार मोडले आणि 2,60,500 भिक्षू-भिक्षुणींची चीवरे उतरवली. सुई सम्राट यांगच्या महाकालव्यासाठी लाखो माणसे वेठीला धरली. सम्राटाच्या झग्यावरच्या नक्षीत यातले काहीही दिसत नाही.

म्हणून आम्ही तो कॅट फेकला नाही. मुलांना पुठ्ठ्याची चार कोरी पाने दिली. त्यांनी कालवा खणणारा मजूर, चीवर उतरवलेली भिक्षुणी, कोळी आणि टपालचौकीवरचा नोकर काढला. आता आमच्या अभ्यासिकेत ही चार पाने सम्राटाला मारतात. नियम मुलांनीच ठरवला.

पत्ते जरूर खेळा. फक्त पान टाकताना विचारा, याची किंमत कोणी ठरवली?

जय भीम!