आखातातली दहा फुटी खोली आणि आफ्रिकेतलं कांदळ



"आखाताला तेलाआधी इतिहासच नाही" हे वाक्य आपल्यात दर गणपतीला, दर पिकनिकला कुणीतरी टाकतंच. माझा पेशा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, त्यामुळे या वाक्याला उत्तर मी छताकडे बोट दाखवून देतो.

दुबईतल्या अल फहिदी (जुनं नाव बस्तकिया) भागातली, मुहर्रकमधली किंवा कुवेतमधली जुनी घरं बघा. वाडे मोठे, अंगणं प्रशस्त, पण खोल्या लांबट आणि अरुंद. रुंदी जेमतेम तीन-साडेतीन मीटर, म्हणजे आपल्या भाषेत दहा-अकरा फूट. मालक श्रीमंत मोतीव्यापारी असला तरी तेवढीच! कारण पैशाचं नव्हतं, लाकडाचं होतं. छताला जे वासे लागत ते याहून फारसे लांब मिळत नसत. खोलीचा स्पॅन जंगलानं ठरवला, गवंड्यानं नाही.

हे वासे म्हणजे खारफुटीचं लाकूड, मुख्यतः ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटा. दुबईकडे त्याला 'चंदल' म्हणतात, बहरीनमध्ये 'दंचल', पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत 'बोरिती'. आपल्या कोकणातल्या खाड्यांमध्ये हेच झाड 'कांदळ' म्हणून उभं आहे. (चंदल आणि कांदळ कानाला सारखे वाटतात, पण तेवढ्यावरून व्युत्पत्ती जोडू नये!)

लाकूड म्हणून हे प्रकरण भारी आहे, अगदी शब्दशः. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, तर याचं ८०० ते १००० किलोपर्यंत. ताजा तोडलेला वासा पाण्यात बुडतो. भरपूर टॅनिन असल्यामुळे वाळवी सहजासहजी लागत नाही. आखातात वाळवी कमी नाही, त्यामुळे हा गुण सोन्यासारखा. एक खोड मात्र आहे. फळ्या कापल्या तर लाकूड तडकतं, पिळवटतं. म्हणून गोल वासा तसाच वापरायचा. वासे जवळजवळ मांडायचे, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर चटई आणि वर मातीचा जाड थर. झालं छत. मातीचं ओझंही पेलतं आणि खोलीही थंड राहते.

आता हे यायचं कुठून? केनियातल्या लामूहून आणि टांझानियातल्या रुफिजी नदीच्या मुखाकडून. हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर बसऱ्याचा खजूर घेऊन गलबतं दक्षिणेला जायची आणि नैऋत्य वारा सुरू झाला की वासे भरून परतायची. मोजणी 'कोरजा'नं, म्हणजे विसाच्या हिशेबानं, आपल्या कोडीसारखीच. व्यापार जुना आहे. दहाव्या शतकात इस्तख्रीनं इराणच्या किनाऱ्यावरच्या सिराफ बंदराचं वर्णन लिहिलं, त्यात तिथली घरं साग आणि 'झंज'हून, म्हणजे पूर्व आफ्रिकेहून, आणलेल्या लाकडाची असल्याचं म्हटलंय. साग आपल्या बाजूचा, वासे आफ्रिकेचे!

या व्यापाराचं शेवटचं जिवंत चित्र ॲलन व्हिलियर्स या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी लेखकानं दिलं. १९३८-३९ साली तो अली बिन नासिर अल-नजदी या नाखव्याच्या कुवेती जहाजातून रुफिजीपर्यंत गेला. 'सन्स ऑफ सिंदबाद' (१९४०) मध्ये तिथला चिखल, उकाडा, डास सगळं आहे. खलाशांना ठराविक पगार नव्हता, फायद्यात वाटा असे. बहुतेकांच्या डोक्यावर नाखव्याचं कर्ज, नाखव्याच्या डोक्यावर व्यापाऱ्याचं. सुंदर छताखाली उभं राहून फोटो काढताना हा हिशेब आठवावा असं मला वाटतं. आखातातले टॉवर कुणाच्या घामावर उभे आहेत हे आपण रोज बघतो. जुनी घरंही तशीच उभी राहिली.

मग तेल आलं, सिमेंट आणि लोखंड आलं. खोल्या रुंद झाल्या, वाशांची गरज संपत गेली. केनियानं १९८२ साली खारफुटीच्या वाशांची निर्यात बंद केली.

आणि आपलं कांदळ? मुंबईत ते वर्षानुवर्षं भराव टाकून गाडलं गेलं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मिठीकाठच्या खारफुटीची आठवण सगळ्यांना झाली. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं राज्यभरात खारफुटी तोडायला बंदी घातली आणि २०१२ साली राज्यात कांदळवन कक्ष सुरू झाला. आखातानं आफ्रिकेतून आणलेल्या लाकडाखाली निदान शतकानुशतकं संसार केले. आपण दारातलं झाड कचरा समजून बुजवलं.

असो. पुढच्या वेळी पाहुण्यांना बुर्ज खलिफा दाखवून झालं की खाडीकाठच्या एखाद्या जुन्या घरातही न्या. आत गेलात की मान वर करा. इतिहास डोक्यावरच आहे.

– एक दुबईकर