देव शोधावा लागतो काय?

मनुष्याने देवाचा शोध घेतलाच पाहिजे काय, की तो आपणहून भेटतो, हा प्रश्न फार प्राचीन आहे. भंडाऱ्याच्या भाविकांना रामटेकचे श्री शांतिनाथ तीर्थ जवळचे. परंतु या प्रश्नासंबंधी वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचा इतिहास अधिक बोलका आहे.

चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी रचलेल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथा आली आहे. कुष्ठरोगाने पीडित श्रीपाल राजा देवाच्या शोधात निघाला नव्हता. एका जलाशयाच्या पाण्याने त्याची व्याधी शमली आणि त्याच पाण्यातून प्रभूंची प्रतिमा प्रकट झाली. ती नगरास नेताना मागे वळून पाहू नये, अशी अट होती. राजाच्या मनात शंका आली, त्याने मागे पाहिले आणि प्रतिमा तेथेच अधांतरी स्थिरावली. न शोधता लाभलेले टिकवावयास दृढ श्रद्धा लागते, हा या परंपरागत कथेचा बोध होय.

पुढील इतिहास क्लेशदायक आहे. पूजेच्या अधिकारावरून दिगंबर व श्वेतांबर या उभय संप्रदायांत वाद झाला. १९२९ मध्ये तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये ते उघडले. बेचाळीस वर्षे शोधणारे होते, प्रतिमाही होती. मध्ये बंद दार होते. तेवढ्या काळात भगवंत कोणालाच लाभले नाहीत, असे म्हणता येईल काय?

जैन दर्शनात सृष्टिकर्ता ईश्वर नाही. तीर्थंकर मार्ग दाखवितात. परमात्मपद प्रत्येक आत्म्यात शक्तिरूपाने आहे. उभय संप्रदायांना मान्य असलेल्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त आचार्य उमास्वातींनी सम्यग्दर्शन निसर्गतः किंवा उपदेशाने, अशा दोन्ही प्रकारे प्राप्त होते, असे सांगितले आहे. दोहोंतही दर्शनमोहनीय कर्म शांत किंवा क्षीण होणे हेच आंतरिक कारण. भेद केवळ बाह्य निमित्ताचा. म्हणजे दृष्टी न मागताही लाभू शकते. चारित्र्य मात्र पुरुषार्थावाचून सिद्ध होत नाही.

इंद्रभूती गौतमांचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे. ते भगवान महावीरांना वादात जिंकावयास गेले आणि त्यांचे प्रथम गणधर झाले. शोध नसतानाही गुरू लाभले. परंतु श्वेतांबर परंपरेनुसार, त्याच गुरूंविषयीचा स्नेहराग त्यांच्या केवलज्ञानाच्या आड राहिला. प्रभूंच्या निर्वाणानंतर तो राग गळाला, तेव्हाच केवलज्ञान प्रकट झाले. उत्कट प्रेमही जेथे बंधन ठरले, तेथे मालकीचा आग्रह साधकास कोठे नेईल?

देव भेटण्यास शोध हवाच, असे नाही. परंतु स्वतः देवत्वास पोहोचण्यास साधना हवीच. मंदिराचे दार न्यायालयाच्या आदेशाने उघडते; कषायांचे कुलूप ज्याचे त्यानेच काढावयाचे असते.