एमएच ०६ ची बेंझ

पेण-रोह्याकडच्या सत्तरीतल्या एखाद्या ट्रक ड्रायव्हरसमोर नुसतं ‘बेंझ’ म्हणून बघा. त्याच्या डोळ्यांपुढे कार येणार नाही, ट्रक येईल. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. जमशेदपूरहून जे ट्रक बाहेर पडू लागले त्यांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असे. १९६९ ला करार संपला, चांदणी गेली आणि तिथे ‘टी’ आला. पण जुने ट्रक पुढे कित्येक वर्षं चालत राहिले. मीठ, भात, रेती, विटा, सगळं त्यांनी वाहिलं. म्हणजे आपल्याकडे मर्सिडीज आली ती श्रीमंतांच्या बंगल्यात नाही, मालधक्क्यावर.

हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. २०२३ च्या मे महिन्यात मी रोह्यातून एक जुनी कार घेतली, तिच्यामुळे मी या सगळ्यात शिरलो. १९९६ ची मर्सिडीज ई २५० डिझेल. किंमत विचाराल तर एका बऱ्या नव्या बाइकपेक्षा कमी. घरी आई म्हणाली, “एवढ्यात रिक्षा आली असती, ती कमावते तरी.” मुद्दा बिनतोड होता, मी गप्प बसलो.

गाडी धुवायला काढण्याआधी थोडं मागे जाऊ. ‘जुनी आलिशान गाडी’ ही आपल्याकडे नवी चैन नाही. स्वातंत्र्यानंतर कितीतरी काळ आलिशान गाडी म्हणजे जुनीच गाडी. आयातीवर बंधनं, वर जबर जकात. त्यामुळे परदेशी वकिलातींच्या वापरून झालेल्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि त्यांच्यावर पैसेवाल्यांच्या उड्या पडत. मुंबईत दिसणारी एखादी इम्पाला बऱ्याचदा अशी दुसऱ्या हाताची असे. आपल्या मातीतल्या गाड्यांचीही तीच तऱ्हा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, मग फियाट. तीच फियाट १९७४ पासून पद्मिनी झाली. ती हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. ज्याला थांबणं जमत नसे तो वरचे पैसे मोजून दुसऱ्याची वापरलेली गाडी घेई. नव्यापेक्षा जुनी महाग, हे आज ओएलएक्सवर वाढलेल्या आपल्याला उलटं वाटेल. पण आपल्या आजोबांच्या पिढीला ते सवयीचं होतं. स्कूटरचंही तसंच.

१९९३ मध्ये मोटारींवरची परवाना-सक्ती उठली. पुढच्याच वर्षी मर्सिडीज पुन्हा भारतात आली, पुन्हा टेल्कोचाच हात धरून, यावेळी पुण्यात. १९९५ पासून टेल्कोच्या आवारात डब्ल्यू १२४ या मॉडेलची जोडणी सुरू झाली. चाकणचा कारखाना फार नंतरचा, २००९ चा. गंमत अशी की हे मॉडेल युरोपात १९८४ च्या अखेरीस आलेलं, आणि आपल्याकडे ते सुरू झालं तेव्हा तिकडे त्याची जागा नवी गाडी घेत होती. शिवाय जर्मनीत याच गाडीचं डिझेल रूप टॅक्सी म्हणून धावत होतं. तिथली टॅक्सी इथे साहेबांची गाडी. मला यात कमीपणा वाटत नाही. टॅक्सीसाठी चालते ती गाडी टिकाऊ असते, आणि म्हणूनच मी डिझेल शोधत होतो. त्या वर्षांतल्या पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगवरचं आवरण उष्णतेने भुगा होतं, हे जगभरच्या हौशी मालकांना पाठ असतं.

दिल्लीच्या गाड्या मी मुद्दाम टाळल्या. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना आधी हरित लवादाने आणि मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ता बंद केला. तेव्हापासून त्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येतात. इन्स्टाग्रामवर ‘चार लाखांत जर्मन गाडी’ असं दिसलं की समजायचं. त्यांना नवा पत्ता मिळतो, इतिहास मात्र दिल्लीतच राहतो. मला इतिहास असलेली गाडी हवी होती. एमएच ०६, म्हणजे आपल्या रायगडची, पेणच्या आरटीओची. पनवेलला वेगळा ४६ मिळाला तो पुढे. त्याआधी पनवेलपासून पोलादपूरपर्यंत सगळा जिल्हा याच एका आकड्याखाली होता.

गाडी रोह्याच्या एका निवृत्त गृहस्थांची. धाटावच्या एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यांना सल्ला देता देता त्यांनी चार पैसे मिळवले होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून ती पडवीशेजारच्या शेडमध्ये उभी होती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात शेडवर आंब्याची फांदी पडली, तिची खूण डिकीवर आहे. ती मी अजून काढलेली नाही. रायगडातल्या कोणालाही ती दाखवली की लगेच वर्ष सांगतो.

कोकणातली जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न एकच: ही बुडली होती का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच पावसाने महाड बुडालं आणि जुई, दासगावच्या दरडी कोसळल्या. त्यानंतर हजारो बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. आतून अत्तर मारलेली गाडी दिसली की मी आजही दोन पावलं मागे सरतो. बुडलेली गाडी ओळखायला मशीन लागत नाही. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढायचा. जो भाग कधी बाहेर येत नाही तिथे गाळाची रेघ असेल तर विषय संपला. सीटच्या रुळांचे बोल्ट बघायचे. डिकीत स्टेपनी उचलून खालचा खळगा बघायचा. गालिचाखाली हात घालून वास घ्यायचा. हे सगळं मी रोह्यात उकिडवा बसून करत असताना मागून आवाज आला, “पाणी नाय लागलेलं हिला. मी होतो ना.”

ते गाडीचे ड्रायव्हर. मी त्यांना मामा म्हणू लागलो, कारण घरातले सगळे तेच म्हणत. वय सत्तर. चौदाव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून चढले. कुठला ट्रक, हे तुम्ही ओळखलं असेलच. नाकावर चांदणी असलेला. त्या दिवशी कुंडलिकेचं पाणी वाढतंय असं दिसल्यावर त्यांनी साहेबांना न विचारता गाडी चढावर नेऊन लावली आणि रात्र गाडीतच काढली.

‘क्लीनर’ हा आपला मोठा नमुनेदार शब्द आहे. नाव साफ करणाऱ्याचं, पण त्याने चाक बदलायचं, दोर आवळायचे, मागे बघून “येऊ दे, येऊ दे” ओरडायचं, रात्री मालाजवळ झोपायचं आणि यातून जमलं तर ड्रायव्हिंग शिकायचं. शाळा नाही, प्रमाणपत्र नाही. आपल्याकडच्या निम्म्या जुन्या मेकॅनिकांचं विद्यापीठ हेच. डेव्हिड एजर्टन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ मध्ये ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात तक्रार केली आहे, की तंत्रज्ञानाचा इतिहास शोध लावणाऱ्यांचा लिहिला जातो, वापरणाऱ्यांचा आणि दुरुस्त करणाऱ्यांचा नाही. आपल्याकडे तर शोध लावणाऱ्यांचाही धड लिहिलेला नाही. वालचंदांचं नाव निदान रस्त्यांवर आणि कॉलेजांवर आहे. क्लीनरचं नाव कुठेच नाही.

पण या गाडीच्या कप्प्यात एक वही निघाली. शंभर पानी, रेघांची, पुठ्ठ्यावर तेलाचे ठसे. मामांची. १९९६ पासून मार्च २०२० पर्यंत प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक डिझेल फिल्टर, कोणत्या खड्ड्यात कोणतं चाक गेलं, सगळं नोंदलेलं. अक्षर सुरुवातीला मोठं आणि अडखळत, मग हळूहळू सराईत. चोवीस वर्षांत त्यांचं लिहिणं कसं सुधारलं तेही त्यात दिसतं. २०११ नंतर पुढच्या चाकांच्या सांध्यांच्या नोंदी एकदम वाढतात. पनवेल ते इंदापूर महामार्गाचं चौपदरीकरण त्याच सुमाराला सुरू झालं. ८४ किलोमीटरचा तो रस्ता किती रखडला हे आपण सगळे दर गणपतीला बोलतो. इथे ते बॉल जॉइंटच्या हिशेबात लिहिलेलं आहे.

मग साफसफाई. दसऱ्याला गाडी धुवून झेंडूची माळ घालतो ती वेगळी. ही तीन आठवडे चालली. आसनं, गालिचे, खालचा नमदा, सगळं बाहेर काढून खळ्यात उन्हात टाकलं. मे महिना असल्यामुळे हे जमलं, जूनमध्ये कोकणात काही वाळत नाही. गालिचाखाली भाताची तुसं, उंदराचं घर, २००३ चं एक लग्नाचं निमंत्रण आणि लाल मातीचा थर. आसनांवरची बुरशी आधी कोरड्या ब्रशने झाडून मग व्हिनेगर आणि पाण्याने पुसली. ब्रश झाडताना तोंडाला फडकं हवंच, नाहीतर ती छातीत जाते. एसीच्या जाळ्यांत बोट जात नाही. तिथे आमच्या पेणची युक्ती चालली. शेजारच्या गणपती कारखान्यातून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतात तो बारीक ब्रश आणला. ज्याने दिला तो म्हणाला, “डोळे काढून झाले की परत आण.”

काचेखालच्या खोबणीतून पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी दोन वाटा असतात. त्या पानांनी बुजल्या की पाणी घरात शिरावं तसं गाडीत शिरतं, आणि लोक दाराच्या रबराला दोष देत बसतात. गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉनची दोरी घालून त्या मोकळ्या केल्या. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, आतली नळी निसटते. बाहेरच्या रंगावर हात फिरवला तर बारीक पॉलिशपेपरसारखं लागत होतं. कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या हवेतले कण रंगात रुतून बसतात, धुण्याने जात नाहीत. त्यासाठी एक खास चिकट माती मिळते, ती ओल्या पत्र्यावर फिरवायची. पेणमध्ये राहून मातीचा गोळा ऑनलाइन मागवणारा मी पहिलाच असेन, असं कारखान्यातली पोरं म्हणाली. खाऱ्या हवेने चाकांवरच्या पत्र्यांच्या कडा धरल्या होत्या. गंज खरवडून, प्रायमर मारून त्यांच्याच स्प्रेवाल्याकडून रंग लावून घेतला.

इंजिनाचं काम मामांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. मोतीबिंदूमुळे त्यांना आता नीट दिसत नाही, पण ऐकू येतं. पाच सिलिंडरचं अडीच लिटरचं इंजिन. तीन वर्षं उभ्या असलेल्या गाडीला थेट चावी मारायची नसते. टाकीतलं जुनं डिझेल काढलं, लहान-मोठे दोन्ही फिल्टर बदलले, ऑइल बदललं, पाचही ग्लो प्लग तपासले, ब्रेकचं तेल नवं भरलं. तीन वर्षांत ते हवेतलं पाणी पितं आणि चढउतारावर दगा देतं. इंजिन सुरू झालं तेव्हा मामा डोळे मिटून बॉनेटपाशी उभे होते. मिनिटभराने म्हणाले, “तीन नंबर जरा लंगडतोय. तापल्यावर जाईल.” तापल्यावर गेला.

हे सगळं हौसेखातर नव्हतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी. हिची मुदत २०२१ मध्ये संपली होती. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. फी भरता येते हो, पण तपासणीत नापास झाली तर गाडी भंगारात. आणि या बाबतीत माझ्यापेक्षा मामांचं जास्त पणाला लागलं होतं. “पास नाय झाली तर वही जाळून टाक,” असं त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं.

तपासणीच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर पेणच्या कार्यालयात गेलो. दिवे, हॉर्न, ब्रेक, धूर झालं. मग चेसिस नंबर. इंजिनमागच्या पत्र्यावर कोरलेले आकडे काजळीखाली दिसेनासे होतात, ते आदल्या रात्री रॉकेल लावून घासले होते. त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली की छाप उमटतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. एकेक आकडा वर आला. जुळला.

त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपल्याच्या बातम्या आल्या. मामांनी मोबाइलवर तो व्हिडिओ दोनदा लावायला सांगितला. मग वही मागितली आणि मला लिहायला सांगितलं, कारण त्यांना आता रेघ दिसत नाही. तारीख, किलोमीटर, ऑइल सात लिटर, फिल्टर दोन. मी ‘ड्रायव्हर’पुढे त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी विचारलं, “आणि क्लीनर?” तिथे माझं लिहिलं.