पाण्यावरची रेघ

जी गोष्ट टिकावयाची नाहीं, तिला आपण पाण्यावरची रेघ म्हणतों. जमिनीवर दगड रोवून हद्द दाखवितां येते. पाण्यावर तसें कांहींच करतां येत नाहीं. काल जेथें मासे भरपूर लागले ती जागा आज पुन्हां सांपडावी कशी, आणि सांपडली तरी वाऱ्यापुढें व प्रवाहापुढें होडी तेथें ठरावी कशी, हे मासे धरणारांपुढील दोन पुरातन प्रश्न होत. पहिल्यावर तोडगा किनाऱ्यावरच्या खुणांचा, दुसऱ्यावर नांगराचा. एका लहानशा विद्युत्-यंत्रांत हीं दोन्हीं कामें कशीं एकत्र आलीं, हें पाहण्याजोगें आहे.

अमेरिकेंतील नॉर्थ डकोटा संस्थानांत फार्गो या गांवीं १९३४ सालीं ओ. जी. श्मिट नांवाच्या गृहस्थानें फोर्ड मोटारगाडीचें एंजिन सुरू करणारी छोटी मोटर घेतली, तिला लवचिक दांडा व पंखा जोडला, आणि ती होडीस लाविली. मिनेसोटा व डकोटा या शेजारी संस्थानांच्या नांवांवरून त्याच्या कारखान्यास मिन कोटा हें नांव मिळालें. संथ होडीमागून गळ ओढीत नेण्याच्या रीतीस इंग्रजींत ट्रोलिंग म्हणतात. त्यावरून या यंत्रास ट्रोलिंग मोटर म्हणूं लागले. एंजिनाची धडधड नसल्यामुळें मासे बिचकत नाहींत. पुढें ती होडीच्या नाळेवरही बसवूं लागले. कारण पुढून ओढलेली होडी, बैलांनीं ओढलेल्या गाडीप्रमाणें, अधिक सरळ चालते. परंतु दिशा राखणें मात्र माणसाकडेच होतें. त्याचें लक्ष क्षणभर चुकलें कीं वारा होडीचा ताबा घेई.

या अडचणीवरचा उपाय तळ्यांत सुचला नाहीं. तो खोल समुद्रांत सुचला. मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ १९६१ सालीं ‘कस-१’ या जहाजावरून समुद्रतळास छिद्र पाडण्याचा प्रयोग झाला. पाणी सुमारें ११,७०० फूट खोल. तेथें नांगरांवर भिस्त ठेवणें व्यवहार्य नव्हतें. म्हणून जहाजास चार फिरते पंखे बसविले, सभोंवार खुणेचीं तरंडीं ठेविलीं, आणि त्यांजपासूनचें अंतर पाहून चालक हातानें पंखे चालवीत राहिला. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक या सफरीवर होता व त्यानें ‘लाइफ’ साप्ताहिकांत तिचें वर्णन लिहिलें. त्याच वर्षीं शेल कंपनीच्या ‘युरेका’ जहाजावर हें काम स्वयंचलित यंत्राकडे सोंपविण्यांत आलें. पाण्यावर स्थिर राहणें म्हणजे सरकलेलें अंतर क्षणोक्षणीं भरून काढणें, हें तत्त्व येथें सिद्ध झालें.

तरंडीं मांडीत बसणें लहान होडीस परवडणारें नव्हतें. तिला आकाशांतील खुणा हव्या होत्या. त्या युद्धखात्याकडून आल्या. अमेरिकेनें १९७८ सालीं जी. पी. एस. योजनेचा पहिला उपग्रह सोडला. १९८३ सालीं वाट चुकून सोव्हिएत हद्दींत शिरलेलें कोरियाचें प्रवासी विमान पाडलें गेलें व २६९ माणसें मेलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारनें ही सोय सर्व जगास खुली करण्याचें जाहीर केलें. तरीही नागरिकांस मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम दोष ठेवलेला असे, आणि स्थान सुमारें १०० मीटरांपर्यंत चुके. मे २००० मध्यें तो दोष काढून टाकल्यावर चूक वीस मीटरांच्या आंत आली. पुढें ती आणखी घटली.

मग २०१० च्या सुमारास मिन कोटानें उपग्रहांशीं जोडलेली मोटर बाजारांत आणली. मनुष्य एक कळ दाबतो. यंत्र त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घेतें. निदान चार उपग्रहांचे संकेत पोंचण्यास लागलेल्या वेळावरून तें स्वतःचें स्थान काढतें, होकायंत्रावरून रोख ओळखतें, आणि होडी सरकतांच पंखा त्या बाजूस वळवून तिला परत आणतें. लोखंडी नांगर तळाचें गवत उपटतो. या नांगराचा तळास स्पर्शही होत नाहीं. हा त्याचा मोठा गुण होय.

परंतु यंत्र ही जागा विसरत नाहीं, आणि माझ्या मतें खरी चिंता येथेंच आहे. जुन्या नावाड्याचें ज्ञान त्याच्या डोळ्यांत असे. धुकें पडलें कीं तें थांबे, आणि तो मेला कीं बरेंचसें त्याच्याबरोबर जाई. माणसाच्या या विस्मरणांत माशांस नकळत आसरा मिळत होता. आतां एकदां सांपडलेला खडक आंकड्यांच्या रूपानें उरतो, आणि ते आंकडे ज्याच्या हातीं पडतील तो थेट तेथेंच येऊन उभा राहतो. मिनेसोटाच्या तळ्यांत वॉलआय मासा विणीच्या काळीं धरण्यास मनाई आहे, आणि एका दिवशीं किती घ्यावयाचे यासही कायद्यानें मर्यादा आहे. जेथें पाण्यावरची रेघ पुसत नाहीं, तेथें अशा मर्यादांची गरज अधिकच वाढते. कारण होडी कोठें उभी करावी हें यंत्रास कळतें, तेथून केव्हां परतावें हें त्यास कळत नाहीं.