पॅरिसचे सँ-सेव्हरँ चर्च : एका वास्तूचे कालस्तर

मध्ययुगीन वास्तूचा उल्लेख करताना तिच्यापुढे कंसात एखादे शतक लिहून मोकळे होण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. राजाश्रयाने उभ्या राहिलेल्या एखाद्या महामंदिरापुरती ही पद्धत काही अंशी चालून जाते. परंतु पॅरिश चर्चची, म्हणजे एका वस्तीतील सामान्य उपासकांच्या चर्चची, गोष्ट निराळी आहे. ते सहसा एका संकल्पाने बांधले जात नाही. वस्ती वाढली की ते वाढते, पैसा संपला की काम थांबते. युद्ध, आग व दानशूर स्त्रीपुरुषांची हौस यांचे ठसे त्यावर उमटत जातात. पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या तीरावर असलेले सँ-सेव्हरँचे चर्च या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

या स्थळाची परंपरा सहाव्या शतकातील सेव्हरँ नावाच्या एका एकान्तवासी साधूशी जोडली जाते. अकराव्या शतकात, पहिल्या आंरी राजाच्या कारकिर्दीत (१०३१–१०६०), येथे चर्च होते एवढे निश्चित. त्या इमारतीचा कोणताही भाग आज डोळ्यांना दिसत नाही. दृश्य इतिहास सुरू होतो तो तेराव्या शतकापासून, आणि तोही मध्यवीथीच्या पश्चिमेकडील पहिल्या तीन खणांतच. दोन स्तंभांमधील अंतराला फ्रेंचमध्ये जो ‘त्राव्हे’ हा शब्द आहे, त्याला मराठीतील ‘खण’ हा घरबांधणीचा शब्द इतका चपखल बसतो की, त्यासाठी नवी संस्कृत संज्ञा घडविण्याचे कारण नाही.

पहिल्या तीन खणांत उभे राहून पूर्वेकडे पाहिले असता चवथ्या खणापाशी वास्तूची भाषा बदलते. अलीकडचे स्तंभ आखूड व भरीव असून त्यांवर स्तंभशीर्षे आहेत; कमानीचा भार कोठे संपतो आणि स्तंभ कोठे सुरू होतो हे तेथे स्पष्टपणे सांगितलेले असते. पलीकडे स्तंभशीर्ष लोप पावते. छताच्या बरगड्या आणि कमानींच्या कडा खंड न पडता सरळ स्तंभात उतरतात, आणि खिडक्यांमधील दगडी जाळी ज्वालेसारखी वळणे घेऊ लागते. हे पंधराव्या शतकाचे काम होय. मात्र बदलाच्या या रेषेइतकेच महत्त्व, जे बदलले नाही त्यालाही दिले पाहिजे. नव्या गवंड्यांनी उंचीची जुनी पातळी सोडली नाही. खाली कमानी, त्यांवर भिंतीतील अरुंद सज्जा व सर्वांत वर खिडक्या ही मांडणी त्यांनी पुढे चालविली. जुने पाडून टाकण्याइतके द्रव्य नव्हते, की जुन्याविषयी आदर होता, हा प्रश्न दगडाला विचारून उत्तर मिळणारा नाही. बहुधा दोन्ही कारणे एकत्र असावीत.

या दोन कामांच्या मध्ये चौदावे शतक येते. त्या शतकात दक्षिणेस दुसरी पार्श्ववीथी जोडण्यात आली. विद्यापीठामुळे हा भाग गजबजला होता. चर्चच्या दक्षिणेकडील गल्लीला चर्मपत्र करणाऱ्यांचेच नाव पडले आहे. पश्चिमेस, उत्तरेस व पूर्वेस रस्ते असल्याने लांबी वाढविण्यास वाव थोडा, तेव्हा वास्तू आडवी वाढली. आज तिची रुंदी लांबीच्या मानाने इतकी मोठी वाटते, आणि आडवा बाहू मात्र मुळीच नाही, याचे कारण कोणत्याही सौंदर्यतत्त्वात नसून जागेच्या अडचणीत आहे. पुढे शंभर वर्षांच्या युद्धाने (१३३७–१४५३) काम खोळंबले, १४४८ मध्ये आगीने हानी केली, आणि १४५२ पासून पुनर्बांधणीस आरंभ झाला. त्याच ओघात उत्तरेसही दुसरी पार्श्ववीथी घालून दक्षिणेशी तोल साधण्यात आला.

१४८९ मध्ये पूर्वेकडील टोकाचे काम हाती घेण्यात आले व १४९५ मध्ये त्याचा पवित्रीकरण-विधी झाला. या चर्चचे हे सर्वांत प्रसिद्ध अंग. वेदीमागून जाणारा प्रदक्षिणापथ येथे दुहेरी आहे, आणि त्याच्या मध्यभागी एक पिळदार स्तंभ आहे. त्याच्या अंगावरील कडा मळसूत्रासारख्या वर चढतात व माथ्याशी पोचल्यावर छताच्या बरगड्या होऊन माडाच्या झावळ्यांप्रमाणे पसरतात. १९०९–१० मध्ये रोबेर देलोने या चित्रकाराने याच पथाची चित्रमालिका रंगविली. दगडाची गती त्याला चारशे वर्षांनंतरही जाणवली हे लक्षणीय आहे. १४९८ ते १५२० या काळात बाजूची प्रार्थनागृहे बांधली गेली, आणि मध्ययुगीन बांधकाम बहुतांशी संपले.

येथवरचा क्रम शैलीवरून लावता येतो. शैलीवर विसंबण्यातील धोका यापुढे दिसतो. वेदीभोवतालच्या कमानी पाहा. त्या टोकदार नसून अर्धवर्तुळाकार आहेत. फ्रेंच वास्तुकलेत अर्धवर्तुळाकार कमान टोकदार कमानीच्या आधीची, हा प्राथमिक पाठ ज्याने गिरविला आहे तो या भागास बाराव्या शतकात ढकलण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती अशी की, मोंपांसिएची डचेस आन-मारी-लुईज द’ओर्लेआँ हिचे आपल्या सँ-स्युल्पिस या पॅरिशशी बिनसले, तिने सँ-सेव्हरँ आपलेसे केले, आणि १६८० नंतरच्या दशकात ल ब्रँ याच्या आराखड्यांनुसार पंधराव्या शतकातील स्तंभांना संगमरवराचे आच्छादन देऊन टोकदार कमानी गोल करवून घेतल्या. म्हणजे जी कमान सर्वांत जुनी भासते ती प्रत्यक्षात तिच्या शेजारणींहून सुमारे दोनशे वर्षांनी नवी आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक टीकाकारांनी अशा कामांना विद्रूपीकरण म्हटले. तो निर्णय उतावीळपणाचा वाटतो; सतराव्या शतकातील रुची हीही इतिहासाचीच साक्ष आहे.

पश्चिमेकडील प्रवेशद्वार याहून चकविणारे आहे. त्याचे कोरीव काम तेराव्या शतकाचे, आणि त्यामागील तीन खणही तेराव्या शतकाचे. तेव्हा दोन्ही एकाच हातचे मानण्यात कोणासही संकोच वाटू नये. परंतु हे द्वार मुळात सिते बेटावरील सँ-पिएर-ओ-बफ या लहानशा चर्चचे. १८३७ मध्ये नवा रस्ता काढताना ते चर्च पाडले गेले, आणि त्याचे द्वार १८३९ पर्यंत येथे आणून बसविण्यात आले. द्वारावरील कमानपटातील शिल्प तर एकोणिसाव्या शतकातच घडविलेले आहे. त्याच दर्शनी भिंतीवर वर असलेली मोठी गोल खिडकी पंधराव्या शतकाची असल्याने, या भिंतीत खालचे काम वयाने वडील पण आगमनाने धाकटे आहे. उसन्या शब्दांच्या अभ्यासकास हा भेद परिचित असतो. शब्द किती जुना आणि तो या भाषेत केव्हा आला, हे दोन प्रश्न एक नव्हेत. वास्तूच्या बाबतीत मात्र त्यांची गल्लत नित्य होते.

भाषेचा हा दाखला केवळ सोयीचा नाही. वास्तुशैलींची नावेच भाषाविचारातून आली आहेत. १८१८ मध्ये शार्ल द जेर्व्हिल याने टोकदार कमानीपूर्वीच्या शैलीला ‘रोमान’ हे नाव सुचविले, ते लॅटिनच्या अपभ्रंशातून ‘रोमान’ भाषा निघाल्या त्या धर्तीवर. रोमन वास्तुकला बिघडून ही शैली झाली असे त्याचे मत होते. ‘गॉथिक’ हे नाव तर सोळाव्या शतकातील इटालियन लेखकांच्या तिरस्कारातून रूढ झाले. अशा नावांना कालदर्शक मानून त्यांच्या आधारे दगडांचे वय ठरवावयाचे, आणि मग त्या दगडांच्या आधारे नावांची सत्यता सिद्ध करावयाची, हा अन्योन्याश्रय दोष होय. ‘फाब्रिक’ हा दुसरा उद्बोधक शब्द. लॅटिन ‘फाब्रिका’पासून आलेल्या या एकाच शब्दाने चर्चचे बांधकाम आणि त्याचा निधी सांभाळणारे मंडळ या दोहोंचा बोध होतो. जणू काम चालू आहे तोवरच मंडळास अस्तित्व, आणि काम कधी संपावयाचे नाही.

तसे ते संपलेही नाही. १६७३ मध्ये आग्नेय कोपऱ्यात ज्यूल आर्दुआँ-माँसार याचे प्रार्थनागृह उभे राहिले. १७४५ मध्ये आलेल्या ऑर्गनने पश्चिमेची गोल खिडकी आतून काही अंशी झाकली. १९७० मध्ये झाँ बाझेन याच्या रंगीत काचा प्रदक्षिणापथाकडील प्रार्थनागृहांत बसविण्यात आल्या. त्यांत आकृती नाहीत, केवळ रंग आहेत. पिळदार स्तंभावर आज पडणारा निळा-तांबडा प्रकाश या काचांचा आहे. मनोऱ्याचा खालचा भाग मात्र तेराव्या शतकाचा, वरचा पंधराव्या शतकाचा, आणि त्यातील १४१२ साली ओतलेली घंटा पॅरिसमधील उरलेल्या घंटांत सर्वांत जुनी मानली जाते. १४४८ च्या आगीपूर्वीची ही घंटा आहे, आणि तिच्यावरील मनोऱ्याचे टोक तिच्याहून लहान वयाचे आहे.