लाल मिलो आणि उमरीचा मोंढा

मराठवाड्यात पासष्टी ओलांडलेल्या कुणाच्याही कानावर 'मिलो' हा शब्द घालून पाहावा. कपाळावर आधी आठी पडते आणि मग गोष्ट सुरू होते. दाणा तांबडा, कडक. पिठाला विरी नाही, त्यामुळे भाकर थापताना कडेने फाटायची आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. उकड काढली, घरच्या ज्वारीचे मूठभर पीठ मिसळले, तरी चव ती नाहीच. या वर्णनाच्या शेवटी एक वाक्य हटकून येते: अमेरिकेत हे डुकरांना घालतात म्हणे.

हे वाक्य १९७२-७३च्या दुष्काळात गावोगाव फिरले आणि आज अर्धशतक उलटल्यावरही टिकून आहे. ते बरेचसे खरेही होते. अमेरिकेत मिलो पिकतो तो मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी. पण मिलो म्हणजे काही वेगळे धान्य नव्हे. ती ज्वारीच आहे, आपल्या ज्वारीची सातासमुद्रापलीकडची बहीण. त्यामुळे लोकांच्या मनात जे सलले ते दाण्याच्या रंगापुरते नव्हते. ज्यांच्या पेवात ज्वारी मावत नसे त्यांना रेशनच्या रांगेत उभे राहून परक्या मुलखाची ज्वारी पदरात घ्यावी लागली, हे सलले. एका दूरच्या सरकारचे धोरण, आपल्या सरकारची अडचण आणि घरातल्या चुलीची अवस्था, या तिन्हींवरचे मत गावाने त्या एका शब्दात साठवून ठेवले.

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या गावाचा अमेरिकेशी संबंध मात्र मिलोच्या कितीतरी आधीपासूनचा. तो जुळला कापसामुळे.

अमेरिकेत १८६१ साली उत्तर आणि दक्षिणेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा श्वास कोंडला, कारण त्यांच्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा तिथूनच येत होता. मग सगळ्या नजरा मुंबई बंदराकडे वळल्या. पुढची चार वर्षे कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारख्या व्यापाऱ्यांच्या हातून पैशाचे पाट वाहिले. नांदेडशेजारच्या वऱ्हाडात खामगाव, अमरावतीच्या बाजारांना बरकत आली. एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रे ठेवली आणि मुंबईचा बाजार कोसळला. बँका बुडाल्या, पेढ्या बसल्या. नांदेडचा मुलूख तेव्हा निजामाचा. इथल्या काळ्या जमिनीतला कापूस बैलगाड्यांनी आणि लमाणांच्या तांड्यांनी बाहेर पडे. पण आपल्या पिकाचा भाव आपल्या पावसावर ठरत नाही, कुठल्यातरी दूरच्या लढाईवर ठरतो, हा धडा दख्खनच्या कापूसवाल्याला तेव्हाच मिळाला होता.

विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग हैदराबादहून मनमाडपर्यंत आला. धर्माबाद आणि मुदखेडच्या मधले उमरी हे त्यावरचे स्थानक. रूळ आले की जिन येतो, जिन आला की आडत्या येतो, आणि आडत्याच्या गादीवर तार येऊ लागते. गोदावरीकाठच्या सगळ्या स्थानकांच्या गावांचे हेच झाले. नांदेड भागाचा 'गावराणी' कापूस लांब धाग्यासाठी नावाजलेला होता. नांदेडात उस्मानशाही मिल उभी राहिली. खेड्यातून गाडी जुंपून आलेला शेतकरी मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, पहिला प्रश्न विचारी तो भावाचा, आणि त्या भावाची दोरी मुंबईच्या कापूस बाजारातून न्यूयॉर्कपर्यंत गेलेली असे. न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. साठच्या दशकात ती तार थांबली, पत्त्यांवरचा मटका आला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र राहिले. ज्यांनी त्या शब्दांपायी घरदार गमावले, त्यांतल्या बहुतेकांना ते मुळात अमेरिकेतल्या कापसाच्या भावाचे शब्द होते याची कल्पनाही नसेल.

कापसाच्या पेठेला रोकड लागते. १९४२ साली कामकाज सुरू केलेल्या हैदराबाद स्टेट बँकेची शाखा उमरीत होती ती याच गरजेपोटी असावी. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी ती ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली, म्हणजे नेमकी हंगाम भरात असताना. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती लागली आणि ती निजामाविरुद्धच्या सशस्त्र लढ्यासाठी गेली. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. मराठवाड्याच्या इतिहासात उमरीचे नाव कायमचे लिहिले गेले ते या लुटीने. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा निजामाच्या तिजोरीत राहावा की त्याच शेतकऱ्याच्या मुक्तीसाठी वापरावा, या प्रश्नाचे उत्तर उमरीने त्या दिवशी कृतीने दिले होते. साडेसात महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान भारतात आले.

मुक्तीनंतरही भूक मात्र संपली नव्हती. देशात धान्य कमी होते. १९५१ साली अमेरिकेने १९ कोटी डॉलरचे कर्ज देऊन सुमारे वीस लाख टन धान्याची सोय करून दिली. १९५४ साली तिथे जो कायदा झाला त्याचा क्रमांक आपल्याकडच्या रेशनच्या दुकानापर्यंत पोचला: पीएल-४८०. तिथल्या सरकारने हमीभाव देऊन शेतकऱ्यांकडून घेतलेला गहू कोठारांत साचत होता. तो गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकायचा, अशी ती योजना. भारताने ऑगस्ट १९५६मध्ये करार केला. रुपयांत पैसे द्यायचे, डॉलर वाचवायचे. दिल्लीला हे सोयीचे वाटले. पण स्वस्त गहू येत राहिल्याने इथल्या शेतकऱ्याच्या धान्याला भाव मिळत नाही, अशी तक्रार तेव्हापासूनची आहे, आणि ती चुकीची म्हणता येत नाही.

१९६५ आणि १९६६चे पावसाळे एकामागून एक गेले. १९६६ साली धान्याची आयात एक कोटी टनांच्या घरात पोचली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षाचा करार न करता थोडाथोडा गहू सोडण्याचे धोरण धरले. भारताने शेतीधोरण बदलावे आणि व्हिएतनामवर बोलताना तोंड सांभाळावे, असा त्यामागचा दाब होता. पुढचे जहाज निघेल की नाही, याची वाट दिल्ली पाहत राही. लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्रीचे जेवण सोडायला सांगितले होते ते याच्या थोडे आधी. महाराष्ट्रात कित्येक घरांत तो उपवास नंतरही पाळला गेला. उत्पादन वाढवण्याच्या धडपडीत १९६४ साली 'सीएसएच-१' हे संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. त्याचे मादी वाण अमेरिकेतून आणलेले होते. उत्पन्न दुप्पट-तिप्पट आले, पण पावसात कणसे काळी पडत, भाकरीला गोडवा नसे. 'हायब्रीड' हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत शिरला आणि नवे, फुगीर पण निकस अशा कशालाही लागू लागला.

मग १९७२ आले. त्याआधीही पाऊस धड नव्हताच. या वर्षी तो जवळजवळ आलाच नाही. विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरे बाजारात मातीमोलाने गेली. नेमक्या याच वेळी अमेरिकेशी संबंध तुटल्यासारखे होते. बांगलादेशच्या युद्धात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे पाठवले होते आणि सवलतीच्या धान्याचा मार्ग १९७१ अखेर बंद झाला होता. धान्य घ्यायचे तर आता रोख बाजारभावाने. आणि तो बाजार १९७२च्या उन्हाळ्यात सोव्हिएत रशियाने रिकामा केला होता. रशियाने अमेरिकेतून प्रचंड गहू उचलला, तोही अमेरिकन सरकारच्या अनुदानाच्या भावात. नंतर जगभर गव्हाचे भाव भडकले. गहू परवडेना, म्हणून जे तुलनेने स्वस्त होते ते घ्यावे लागले. त्यात मिलो होता. गावातल्या बाईच्या परातीत जो तांबडा दाणा पडला, त्यामागे वॉशिंग्टन, मॉस्को आणि दिल्ली या तिन्ही राजधान्यांचे निर्णय होते. तिच्यापर्यंत यातले काहीच पोचले नाही. पोचली ती न जमणारी भाकर.

त्या वर्षी राज्यातले लक्षावधी लोक दुष्काळी कामांवर होते. १९७३च्या मे महिन्यात ही संख्या पन्नास लाखांच्या आसपास गेली. खडी फोडायची, रस्ता करायचा, पाझर तलावावर माती वाहायची. हजेरीपटावर अंगठा, आठवड्याने पगार, कामावरच मिळणारी सुकडी. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता असे शेतकरी हातोडा घेऊन बसले. पगार हाती यायच्या आत दर वाढलेले असत. देशभर महागाई उसळली होती. १९७४मध्ये ती वर्षाला वीस टक्क्यांवर गेली. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मराठवाड्यात त्याच १९७४मध्ये विकास आंदोलन पेटले. पाणी, रेल्वे, नोकऱ्या या त्याच्या मागण्या होत्या, पण दोन वर्षांच्या उपासाची धग त्याखाली होती, हे मान्य केल्याशिवाय ते आंदोलन समजत नाही.

या दुष्काळातून निघालेली एक गोष्ट मात्र महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती की मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य मानावे. १९७२ला रोजगार हमी योजना सुरू झाली, १९७७ला तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, ही त्यामागची रचना. परदेशी दाण्यावर जगलेल्या माणसांना आपल्याच राज्याने हक्काचे काम दिले आणि तेही आपल्याच लोकांच्या पैशातून. देशाचा रोजगार हमी कायदा यायला २००५ उजाडले.

त्या महागाईच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७४मध्ये, पीएल-४८०च्या थकलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी अमेरिकेने धनादेशाने भारताला परत केले. राजदूत मॉयनिहन यांनी दिलेला तो धनादेश त्या काळचा जगातला सर्वांत मोठा मानला गेला. उमरीच्या मोंढ्यात या बातमीची चर्चा झालीच असेल, तर मिलोच्या चवीपुढे ती टिकली नाही. आज ती कुणाला आठवत नाही.

गावाची स्मृती तारखांत चुकते. गाजर गवताचेच पाहा. 'अमेरिकन गव्हातून आलेले' म्हणून त्याला काँग्रेस गवत हे नाव पडले. सरकार काँग्रेसचे, गहू काँग्रेसने आणलेला, मग त्यातून आलेले तणही तिचेच. पुण्यात ते १९५५ साली नोंदले गेले, म्हणजे पीएल-४८०च्या कराराच्या आधी. आणि त्याचे भारतातले नमुने एकोणिसाव्या शतकातलेही आहेत. आरोप तारखेपुढे टिकत नाही. पण त्या नावात लोकांनी सरकारला जबाबदार धरले होते, आणि ते धरणे खोटे नव्हते. ज्याला वर्तमानपत्रात पत्र लिहिता येत नव्हते त्याने आपले मत बांधावरच्या गवताला चिकटवले.

आता कापसाकडे पुन्हा यावे लागते, कारण मोंढ्यातली चर्चा आज पुन्हा तिथेच आहे. गावराणी कापूस जवळजवळ गेला. शेतात दिसतो तो अमेरिकन वंशाचा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेले 'नांदेड ४४' हे त्याच वंशातले संकरित वाण एकेकाळी घरोघर होते. २००२नंतर जनुक बदललेले बीटी वाण आले. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत लढला, जिंकला, आणि २०१४ साली तडजोडीत त्याला ३० कोटी डॉलर मिळाले. त्या अनुदानाने पडलेल्या भावाचा फटका मराठवाड्यालाही बसला होता. इथे कुणाला काही मिळाले नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. कापडउद्योगाला आधार म्हणून भारत सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून उठवले आणि पुढे ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात परदेशी कापसाला दार उघडे राहिले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ८,११० रुपये होता. त्याच पावसाळ्यात नांदेड जिल्ह्यात अतिवृष्टीने पिके पाण्यात गेली. गिरण्यांची अडचण खरी होती, पण ती शेतकऱ्याच्या खिशातून सोडवणे अन्यायाचे होते. १८६५चा तोच जुना अनुभव. फरक एवढाच की तेव्हा भाव पडल्याची बातमी यायला दिवस लागत. आता ती वेचणाऱ्या बाईच्या मुलाच्या मोबाइलवर कापूस झाडावर असतानाच येते.

मिलो खाल्लेली पिढी आता थोडी उरली आहे. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या तेव्हाच्या तरुण बाया आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, मोंढ्यात काम केलेले हमाल आणि आडत्यांचे दिवाणजीही तसेच. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, तालुक्यातालुक्यात महाविद्यालये आहेत. उमरीच्या मुलांनी आपल्या आजीजवळ बसावे, मिलोची भाकर कशी केली, रेशनला किती तास उभे राहिलात, सरकारबद्दल तेव्हा काय बोललात, हे विचारावे आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. हे काम पुढच्या दहा वर्षांत झाले नाही तर ते कधीच होणार नाही.