झोपेतला मृत्यू आणि त्याची नावे

धडधाकट तरुण रात्री जेवून झोपतो, झोपेत कण्हतो आणि सकाळी उठत नाही. आग्नेय आशियाला हे मरण फार पूर्वीपासून परिचित आहे. फिलिपीन्समध्ये त्याला 'बांगुंगॉट' म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ भयस्वप्न. थायलंडमध्ये ते 'लाय ताय', तर जपानमध्ये 'पोक्कुरी'. ईशान्य थायलंडमध्ये विधवेचे भूत पुरुषांना झोपेत ओढून नेते असा समज होता. १९९० च्या सुमारास तेथील काही पुरुष भुताला चकवण्यासाठी ओठ रंगवून, बायकांचे कपडे घालून झोपत. या प्रथेला हसणे सोपे आहे. पण तिच्यात एक अचूक निरीक्षण जपलेले आहे. मरतात ते पुरुष, आणि तेही झोपेत.

लाओसमधील युद्ध १९७५ मध्ये संपल्यावर हमाँग लोक निर्वासित होऊन अमेरिकेत गेले. तेथे त्यांचे तरुण असेच मरू लागले. डिसेंबर १९८१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. मृतांत जवळजवळ सर्वच पुरुष, बहुतेक तिशीच्या आसपासचे. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण सापडेना. कोणी युद्धाच्या आघाताला दोष दिला, कोणी परक्या भूमीतील भयाला. हमाँग माणसे मात्र छातीवर बसणाऱ्या 'दा चॉ' या पिशाचाबद्दल बोलत होती, आणि पूर्वजांचे विधी सुटल्यामुळे आपले रक्षण करणारे कोणी उरले नाही, असे सांगत होती.

उत्तराची वाट युरोपातून निघाली. १९८६ मध्ये पेद्रो ब्रुगादा यांच्याकडे वारंवार बेशुद्ध पडणारा तीन वर्षांचा एक पोलिश मुलगा आला. पुढे पेद्रो आणि होसेप या बंधूंनी १९९२ मध्ये आठ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला : हृदयाची रचना निर्दोष, पण ईसीजीवर एक विशिष्ट खूण. लाय तायमधून वाचलेल्या अनेक थाई पुरुषांच्या ईसीजीत तीच खूण असल्याचे १९९७ मध्ये दिसले. हृदयपेशीत सोडियमचा प्रवेश नियंत्रित करणाऱ्या 'एससीएन५ए' या जनुकातील दोष १९९८ मध्ये सापडला, आणि २००२ मध्ये झोपेतल्या या आशियाई मृत्यूंमागेही त्याच जनुकातील दोष आढळले. विश्रांतीत हृदयाची गती मंदावते तेव्हा हा विकार उफाळतो, म्हणून रात्र. पुरुषी संप्रेरकांचाही त्यात वाटा असावा, म्हणून पुरुष.

तरीही 'आशियाई हृदय' असा शिक्का मारणे चुकीचे ठरेल. हा विकार आग्नेय आशियात अधिक आढळतो हे खरे. पण तो युरोपातही आहे, आणि या जनुकातील दोष सुमारे एकपंचमांश रुग्णांतच सापडतो. वंश ही येथे शक्यतेची खूण आहे, कारण नव्हे. उलट, केवळ जनुकाने सारे उलगडते असेही नाही. शेली अ‍ॅडलर यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात, हमाँग लोकांच्या भयाचाही या मृत्यूंत वाटा असावा, अशी मांडणी केली.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? भुताची कथा कारण सांगताना चुकली, पण साक्ष देताना चुकली नाही. कोण मरतो आणि केव्हा, हे ती अचूक सांगत होती. तिचे स्पष्टीकरण नाकारताना ऐकणाऱ्यांनी तिची साक्षही नाकारली, आणि झोपायला घाबरणारी माणसे एकटी पडली. लोककथा वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.